धाब्याचा वाडा पाडू का ठेवू? (सागाचे खांब, पांढरी माती आणि भूकंप)

तापीकाठचा

मंडळी, जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

चोपडा तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. पणजोबांनी बांधलेला, नऊ खणांचा, मधे चौक, पुढे ओटा. खांब सागाचे, काळ्या दगडाच्या तळखड्यांवर उभे. बाहेरच्या भिंती दगड-मातीच्या, सव्वादोन फूट जाड, आतल्या कच्च्या विटांच्या, आणि वर धाबं, म्हणजे लाकडांवर माती घातलेलं सपाट छप्पर. इतकी वर्षं काका तिथे राहायचे. यंदा ते मुलाकडे पुण्याला गेले आणि वाडा माझ्या गळ्यात पडला.

एका इंजिनिअरला दाखवायला नेलं. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "पाडा आणि स्लॅब टाका. भूकंपात हे राहणार नाही."

आमच्या घरात मात्र उलटं ऐकत आलोय. १९३८ च्या मार्चमध्ये, होळीच्या तोंडावर, सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. आजोबा तेव्हा सात वर्षांचे. ते सांगायचे, अख्खा वाडा भरल्या बैलगाडीसारखा करकरला, वरून चाळणीतून गाळावी तशी माती पडली, शिंक्यावरचं दह्याचं मडकं हेलकावे खात भिंतीवर फुटलं. पण खांब एकही जागचा हलला नाही. गोठ्याची भिंत तेवढी बाहेरच्या अंगाला कोसळली.

तर लाकडी घरं भूकंपात टिकतात हे खरं, की घरोघरच्या आजोबांचा अभिमान?

बिनकामाचा_भाऊ

लाकूड ते लाकूडच. जपानमध्ये होर्युजीचा पाच मजली पॅगोडा तेराशे वर्षं उभा आहे, तिथे तर रोज भूकंप. इंजिनिअर बदला, वाडा नको.

ओळंबा

स्ट्रक्चरलमध्ये आहे, मूळ अमळनेरचा, म्हणून राहवत नाही.

आजोबांचा भूकंप पक्का खरा. १४ मार्च १९३८, तीव्रता ६.२ च्या आसपास. पण तो खोल होता, जमिनीखाली साधारण चाळीस किलोमीटर. असा धक्का लांबवर जाणवतो, एका जागी तुटून पडत नाही. किल्लारीचा भूकंपही जवळपास तेवढाच होता, पण उथळ. तिथे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "अडतीस साली टिकला" हा पुरावा अर्धाच धरा. आणि आपण काही सुरक्षित पट्ट्यात नाही. तापीच्या खोऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याने जुने प्रभंग (जमिनीच्या पोटातल्या भेगा) गेलेत, भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात खानदेश तिसऱ्या झोनमध्ये येतो. किल्लारी तर १९९३ साली पहिल्या झोनमध्ये होती, म्हणजे नकाशाप्रमाणे सगळ्यात निर्धास्त जागा!

आता लाकडाचं. भूकंप घराला धक्का मारतो असं आपण बोलतो, प्रत्यक्षात पायाखालची जमीन सरकते आणि घर आपल्या जडपणामुळे मागे राहतं. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने गचकन ब्रेक मारला की आपलं होतं तेच. नुसते उभे असाल तर एक पाऊल पुढे टाकून सावरता. डोक्यावर ज्वारीचं पोतं असेल तर? घराच्या डोक्यावर जितकं वजन, तितका हिसका.

सागाचा एक घनमीटर साडेसहाशे-सातशे किलो भरतो, काँक्रीटचा चोवीसशेच्या वर. शिवाय लाकूड दाबलं तरी सोसतं, ओढलं तरी सोसतं, वाकवलं तर वाकून परत येतं. दगड-मातीला फक्त दाबलेलं चालतं, ओढ बसली की सुटली. आणि जोड! आजोबांनी ऐकलेली ती करकर म्हणजे घर मोडल्याचा आवाज नव्हता. प्रत्येक जोडात लाकूड लाकडावर घासत होतं आणि भूकंपाची ताकद तिथे खर्ची पडत होती. खांब जमिनीत न गाडता तळखड्यावर ठेवलेला असला की तोही सूतभर सरकून थोडा हिसका खातो.

पण तुमच्या वाड्यात एकात एक अशी दोन घरं आहेत, एक लाकडाचं, एक दगड-मातीचं. लाकडाचं डोलणार, भिंतीला डोलता येत नाही. आजोबांच्या गोष्टीत गोठ्याची भिंत का गेली आणि खांब का राहिले, याचं उत्तर तिथेच आहे.

एकच विचारतो. धाब्यावर माती किती आहे?

तापीकाठचा

मोजली नाही कधी. दीड फूट असेल. उन्हाळ्यात गारवा किती असतो म्हणून सांगू!

माहेर_औसा

मी जळगावची सून, पण माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारी तिथलीच. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, रात्री उशिरापर्यंत मिरवणूक, म्हणून पहाटे चारच्या सुमाराला सगळं गाव गाढ झोपेत.

आमच्याकडे धाब्याला माळवद म्हणतात, बाकी घर असंच. आमच्या आत्याच्या घरात आणि शेजारच्या घरात फरक एवढाच होता की आत्याकडे माळवदाचं ओझं भिंतींच्या आतून उभ्या केलेल्या लाकडी खांबांवर होतं. शेजाऱ्यांनी दोन खोल्या मागाहून वाढवल्या होत्या, तिथे खांब न घालता सरे (माळवदाची आडवी लाकडं) थेट भिंतीत घुसवलेले. आत्याची बाहेरची भिंत दोन्ही अंगांनी फुगून रस्त्यावर आडवी झाली, आत खांब आणि वरचं माळवद तसंच उभं. उघड्या मंडपासारखं. माणसं धुळीने पांढरी, पण चालत बाहेर आली. शेजाऱ्यांच्या त्या दोन खोल्यांत भिंत गेली, मग वरचं सगळं खाली आलं. दगड काढता येतो हो, माती काढता येत नाही. ती नाकातोंडात जाते.

त्यामुळे गारव्याचं कौतुक माझ्यासमोर करू नका. मी जळगावात पहिली पाच वर्षं पत्र्याच्या खोलीत आनंदाने राहिले.

बिनकामाचा_भाऊ

ताई, मी वरती चेष्टेत लिहिलं होतं. माफ करा.

उधना_एक्सप्रेस

राम राम. मी शिरपूरना, पण तीस वरीस झायात, सुरतमा शे. २००१ नी २६ जानेवारीले सकाळे पावणेनऊले आम्ही झेंडावंदनले उभा व्हतूत. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

भूज इथून किती लांब, तरी सुरतेत बिल्डिंग पडली. अहमदाबादला तर खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले असल्या नव्या इमारती गुडघ्यात मोडल्यासारख्या बसल्या. नंतर कामानिमित्त अहमदाबादला गेलो तेव्हा जुन्या पोळीत (दाटीच्या जुन्या वस्तीत) फिरलो. तिथली लाकडी सांगाड्याची दोनशे-दोनशे वर्षांची घरं, भिंतींना भेगा, कुठे सज्जा लोंबकळलेला, पण बहुतेक उभी. विटांच्या भिंतीत मधे मधे आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या दिसतात. तर स्लॅब म्हटलं की पक्कं घर, हे मला काही पटत नाही.

ओळंबा

@उधना_एक्सप्रेस, पट्ट्यांचं अगदी बरोबर टिपलंत. पण स्लॅबला नावं ठेवून उपयोग नाही. त्या इमारती काँक्रीटच्या म्हणून नाही पडल्या. खालचा मजला मोकळा सोडला, खांबांतल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा लांब लांब बांधल्या आणि रिंगांची टोकं आत वळवली नाहीत. आपल्या तालुक्याच्या गावांत आजही रिंगा कशा बांधतात ते कुठल्याही साइटवर उभं राहून बघा. चांगल्या रिंगांचं काँक्रीट आणि चांगल्या जोडांचं लाकूड ही एका जातीची गोष्ट आहे, दोन्ही वाकतात आणि वाकताना पडत नाहीत.

आडवी पट्टी मात्र सोन्यासारखी. भूकंपात भिंती आधी कोपऱ्यात फाटतात, मग प्रत्येक भिंत एकटी पडते आणि एकटी भिंत पडणारच. डब्याला दोरी गुंडाळावी तशी घराभोवती सलग पट्टी असली की चार भिंती एक डबा होतात. आज बांधकामाच्या कोडमध्ये जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताला काँक्रीटचे बॅंड सांगितलेत, हिमाचलची काठकुणी घरं तेच काम देवदाराच्या तुळयांनी करत आली. दगडाचा थर, लाकडाचा थर, परत दगडाचा.

रंधा

आमचं घर सुतारांचं, एरंडोलकडचं. बाबांनी दहा-बारा वाडे उतरवले आणि दोन-तीन नव्याने उभे केले. मी आता प्लायवूडची कपाटं करतो, पण लहानपणी खुंट्या तासायला मीच असायचो. जोडाबद्दल नुसतं "चांगला जोड" म्हणून भागत नाही, म्हणून सांगतो.

खांबाच्या डोक्यावर कुसू (खाचेत बसणारं टोक) काढलेला असतो. तो आधी वरच्या आडव्या ठोकळ्यातून जातो (बाबा त्याला हात म्हणायचे) आणि मग तुळईच्या खाचेत. खाच कुसवाला अगदी हवाबंद करायची नाही, नाहीतर पावसाळ्यात फुगून तुळई चिरते. मग आरपार खुंटी. ही खुंटी बाभळीची, आणि खांबाच्या लाकडापेक्षा जास्त सुकलेली हवी. बाबा खुंट्यांची जुडी चुलीवरच्या फळीवर दोन-दोन महिने ठेवायचे. काळ्या पडायच्या, धुराचा वास यायचा. कडकडीत सुकलेली खुंटी ठोकली की पुढे हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि जागेवर घट्ट बसते. पाचर आणखी वेगळी, ती ढिलं झालेलं आवळायला. दर काही वर्षांनी सुतार येऊन पाचरी ठोकून जायचा. आता कोण बोलावतो?

खिळे नकोत. खिळ्याचं भोक हलून हलून मोठं होतं.

आणि तापीकाठचे दादा, एक काम करा. तळखड्यापाशी प्रत्येक खांबाला पटाशी (सुताराची छिन्नी) टोचून बघा. कण्हून पाव इंच गेली तर खांब जिवंत. लोण्यात गेल्यासारखी गेली तर वरून कितीही पॉलिश केलं तरी तो खांब फक्त रंगावर उभा आहे.

ओळंबा

रंधा, मुजरा. खिळ्यांवर मात्र मतभेद. खिळा वाकतो, आणि वाकताना ताकद खातो, म्हणून काश्मीरच्या धज्जी देवारीत तो चालतो. तिथे लाकडाच्या चौकटीचे लहान लहान कप्पे करून त्यात दगड-विटा मातीत भरतात. धज्जी म्हणजे चिंधी, आपल्या भाषेत गोधडी-भिंतच म्हणा. भेग पडली तरी तेवढ्या एका कप्प्यात राहते, अख्खी भिंत फाटत नाही. २००५ च्या भूकंपात अशी घरं तगलेली दिसली आणि पलीकडच्या काश्मीरमध्ये पुनर्वसनाच्या वेळी सरकारने ही पद्धत मान्य केली. गंजलेला खिळा वाईट, हे कबूल.

शंकेखोर

सगळे लाकडाच्या प्रेमात पडलेत म्हणून थोडं पाणी ओततो.

जपानचा पॅगोडा सगळ्यांना आठवतो, जपानचंच कोबे कुणाला आठवत नाही. १७ जानेवारी १९९५, सहा हजारांवर माणसं गेली, आणि त्यातली बरीच जुन्या लाकडी घरांत. का? छपरावर मातीच्या थरात बसवलेली जड कौलं, खाली कमी भिंती, खांबांना वाळवी. वर आगी लागल्या त्या वेगळ्याच. पॅगोडात कुणी राहत नाही, त्याची लाकडं हातभर जाड आणि शतकानुशतकं देखभाल चालू. आपल्याकडे वाड्याची देखभाल म्हणजे दिवाळीला ऑइल पेंट.

शिवाय सागाचा भाव काढा. एक खांब बदलायचा म्हटला तरी घरात भांडण होईल.

आणखी एक. तापीच्या काठाला गाळाची माती खोलवर आहे. मऊ जमिनीवर धक्के सावकाश आणि मोठे होतात, आणि सावकाश डोलणाऱ्या घरालाच ते जास्त झुलवतात. लवचीक आहे म्हणून सगळीकडे चांगलं, असं नाही.

ओळंबा

शंकेखोरांचं सगळं मान्य. आडवळणाने तेही वजनावरच आले, बघा.

धडगावचा_मास्तर

तुमच्या वाड्यांपुढे आमची घरं कोणी घर म्हणणार नाही, पण लिहितो. इथे अक्राणीत नोकरीला वीस वर्षं झाली. पावरा लोकांचं घर म्हणजे सागाच्या नाहीतर मिळेल त्या लाकडाच्या बल्ल्या, वरच्या टोकाला नैसर्गिक बेचका, त्या बेचक्यात आडवं लाकूड टेकवलेलं. भिंत कुडाची, चिरलेला बांबू विणून त्यावर शेण-मातीचा हात. वर नळे, म्हणजे मातीची कौलं. एका भिंतीला मी आणि सातवीतली चार पोरं मिळून उचलू शकतो, उचलली आहे, शाळेच्या स्वयंपाकखोलीची. असलं घर हललं तर हलू दे. पडलं तरी अंगावर काय पडणार?

बल्ल्यांची बुडं जमिनीत असतात म्हणून उधई (वाळवी) लागते, दहा-पंधरा वर्षांत बदलाव्या लागतात. आता घरकुलं येतायत, चार इंची विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. बॅंड कुठे दिसला नाही मला. विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, हातात वाजवायचा का?"

तापीकाठचा

चार दिवस गावी जाऊन आलो. सगळं केलं तुम्ही सांगितलं तसं.

आधी खांब. सोळा खांब आहेत. चौदांत पटाशी गेलीच नाही, माझंच मनगट दुखलं. दोन मात्र लोण्यासारखे, दोन्ही स्वयंपाकघराकडचे. कारण समोरच होतं. काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने शहाबादी फरशी घातली, तेव्हा जमीन उचलली गेली आणि तळखडे फरशीखाली गाडले गेले. खांबाचं बूड थेट ओल्या भरावात. धुणी-भांड्याचं पाणी इतकी वर्षं तेच पीत होतं.

मग धाबं. मधल्या खोलीच्या एका कोपऱ्यात काकाचा मुलगा आणि मी कुदळ घेऊन उतरलो. दीड फूट म्हणालो होतो ना? सव्वीस इंच निघालं. आणि थर कापलेल्या केकसारखे दिसतात. पांढरी माती, मग बारीक काळपट रेघ, परत पांढरी. दर आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), पावसाच्या आधी, माणसं लावून वर मातीचा एक पातळ हात चढवायचा ही आमच्याकडे रीतच. जुनी काढायची रीत नाही! वरून तेरा इंचांवर एक तांब्याचं चिटुकलं नाणं सापडलं, घासलं तर "नया पैसा". म्हणजे १९५७ नंतरचं. अर्धं धाबं आजोबांच्या भूकंपाच्या वेळी नव्हतंच.

हे बघून मी वाड्याच्या पायऱ्यांवर बसलो थोडा वेळ. अडतीस साली जो वाडा टिकला, तो हा नाहीच. खांब तेच, भिंती त्याच, डोक्यावरचं ओझं दुप्पट, आणि दोन पाय कुजलेले.

ओळंबा

नया पैसा! याहून चांगला अहवाल मी लिहू शकलो नसतो.

हिशोब करून टाकू. खोली किती बाय किती?

तापीकाठचा

बारा बाय दहा.

ओळंबा

सव्वीस इंच माती, घनमीटरला सोळाशे किलो धरले तर त्या एका खोलीवर जवळपास बारा टन. भरलेला ट्रक उभा आहे वर. आठ इंचांवर आणली तर साडेतीन टन. आठ टन डोक्यावरून गेले, तेही एक रुपयाचं सिमेंट न आणता.

क्रम असा ठेवा. आधी खालून टेकू द्या, मग माती काढा, आणि ती एका बाजूने नाही, सगळ्या खोल्यांवरून थोडी थोडी, नाहीतर एकीकडे उचलल्यासारखं होऊन तुळया वाकड्या होतील. किलचण (मातीखालची बारीक लाकडं) तपासा, कुजलेली बदला. त्यावर जाड प्लॅस्टिक कागद, मग वीतभराच्या आत माती आणि वर पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्यांकडे व्यवस्थित उतार. पाणी जिरत नसेल तर दरवर्षी माती चढवायचं कारणच राहत नाही. खांब आणि तुळईच्या काटकोनात तिरपे टेकू बसवा, लाकडी चालतील, लोखंडी पट्ट्या बोल्टने चालतील. चौकट काटकोनात डोलायला लागली की तिला तेच धरतं. बाहेरच्या भिंतीला तुळयांच्या पातळीवर आतून-बाहेरून बांधून घेणारा बॅंड, आणि जिथे भिंतीची दोन पाखं (आतला आणि बाहेरचा थर) सुटून फुगली असतील तिथे भोक पाडून आरपार सळईचे दुवे काँक्रीटमध्ये. हे काम मात्र जवळच्या कुणा जाणत्या इंजिनिअरला उभं करून करा, धाग्यावरून वाडा दुरुस्त होत नाही.

माहेर_औसा

तिरपे टेकू आणि सळईचे दुवे आमच्याकडे भूकंपानंतर कित्येक घरांना घातले. दिसायला वाईट दिसतं. घाला.

आणि झोपायची खोली बाहेरच्या दगडी भिंतीला लागून ठेवू नका. मधल्या खणांत झोपा.

रंधा

ते दोन खांब अख्खे बदलू नका. वरचा भाग चांगला असणार. खालचे दोन-अडीच फूट कापून जुन्या सागाचा तुकडा जोडता येतो, तिरपा लांब सांधा करायचा, दोन खुंट्या आणि वरून लोखंडी कडं. तळखडा उकरून परत वर आणा, फरशी खांबाभोवती गोल कापून टाका. जुना साग एरंडोलला माझ्या माहितीत आहे, उतरवलेल्या वाड्याचा. बाबांना विचारलं, ते म्हणाले डोळ्यांना नीट दिसत नाही पण खुंट्या मी तासून देईन. बाभूळ तुमची.

शंकेखोर

माझं एवढंच, विजेच्या तारा आधी बदला. लाकूड आणि ती जुनी कापडी वेष्टणाची वायर. भूकंपाची वाट बघायची गरज पडणार नाही.

तापीकाठचा

बदलतो. पाडायचं रद्द. काकांना फोनवर फरशीचं सांगितलं तर म्हणाले, "फरशी मापाची घेतली होती रे, आता मिळत नाही तसली." बाकी काही बोलले नाहीत.

बाभूळ बांधावरच आहे. रंधाभाऊ, आखाजीला येतो घ्यायला बाबांना.

उधना_एक्सप्रेस

भो, धाबानी पांढरी फेकू नका बरं! वावरमा टाकाले सोनं शे ती. मन्हा भाऊ शिरपूरथीन ट्रॅक्टर धाडस, कव्हय धाडू ते सांगा.

तापीकाठचा

नऊ खणांची माती आहे, एका ट्रॅक्टरने नाही भागणार. दोन धाडा.